सामना संपल्यावर कोचच्या पाठीला चिकटून चालणारी माणसं (अमेरिकन फुटबॉल)

फिलीकर_वाडेकर (धागाकर्ता)

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) सामना शेवटपर्यंत बघत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. घड्याळ शून्यावर येतं, दोन्ही संघांचे मुख्य कोच हात मिळवायला मैदानाच्या मधोमध निघतात आणि प्रत्येकाच्या मागे एकदोन माणसं सावलीसारखी चालत असतात. कधी गणवेशातला पोलीस, कधी कानात वायर घातलेला साध्या कपड्यातला दणकट गडी. कॅमेरा कोचवर असतो, त्यामुळे यांचा अर्धा खांदा तेवढा दिसतो.

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणजे इथल्या ईगल्स संघाचा भक्त असणं ओघानं आलंच. आमच्याकडे हा अर्धा खांदा म्हणजे अख्खा सेलिब्रिटी आहे. डॉम डिसँड्रो, ऊर्फ 'बिग डॉम'. ईगल्सचा सुरक्षाप्रमुख, १९९९ पासून संघाबरोबर. त्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट घालून लोक स्टेडियमवर येतात.

३ डिसेंबर २०२३ ला घरच्या मैदानावर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी सामना होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या ड्रे ग्रीनलॉने आमच्या डीव्हाँटा स्मिथला उचलून आपटलं, तेही आमच्या साइडलाइनला लागूनच. गलका झाला, बिग डॉम मध्ये पडला, ग्रीनलॉचा हात त्याच्या तोंडाकडे गेला. रेफरीने दोघांनाही बाहेर काढलं! खेळाडू बाहेर जाणं समजू शकतो, पण सुरक्षारक्षक? तो मैदानाबाहेर जाणाऱ्या बोगद्याकडे निघाला तेव्हा पब्लिकने असा जल्लोष केला की टचडाउनला (म्हणजे या खेळातल्या गोलला) होत नाही. सामना ४२-१९ असा हरलो. लीगने क्लबला १ लाख डॉलर दंड ठोकला आणि उरलेल्या साखळी सामन्यांत डॉमला साइडलाइनवर उभं राहायला बंदी केली. त्या दिवशी सकाळी आम्ही १०-१ (दहा विजय, एक हार) होतो, मोसम संपला ११-६ वर. डॉम नव्हता म्हणून हरलो असं म्हणणारे इथे पुष्कळ भेटतील (मी त्यातला नाही. म्हणजे, फारसा नाही).

तर प्रश्न असा : या लोकांचं नेमकं काम काय? कोचला एवढा धोका असतो कुणापासून? डॉमचं चुकलं का? जाणकारांनी लिहा.

मंद्या

धोका कसला, सगळा थाट आहे. आपल्याकडच्या नगरसेवकाच्या मागे चार पोरं फिरतात तसं. कॉलेज फुटबॉलमध्ये तर कहर. अलाबामाच्या कोचच्या दोन बाजूंना दोन स्टेट ट्रूपर (राज्य पोलीस), रुंद काठाच्या टोप्या घालून. तिथले माजी कोच निक सेबन यांचा एकही फोटो त्या टोप्यांशिवाय नसेल. शिवाय संघ दुसऱ्या राज्यात गेला की हे ट्रूपर सोबत जातात. तिथे त्यांना पोलीस म्हणून कसला अधिकार? अलाबामाचा हवालदार टेनेसीत कुणाला अटक करणार? तिथे तो फक्त टोपीवाला पाहुणा.

वसुधाकाकू

मंद्या, थाट आहे हे खरं, पण त्याची सुरुवात थाटात झालेली नाही. अलाबामाचेच जुने कोच बेअर ब्रायंट १९६४ साली अटलांटात जॉर्जिया टेकच्या मैदानावर उतरले ते डोक्यावर फुटबॉलचं हेल्मेट घालून. विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून दारूच्या बाटल्या येतात हे त्यांना आधीच्या खेपेवरून ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एका खेळाडूने टेकच्या एकाचा जबडा मोडला होता, तो राग होता. पन्नाशीतला माणूस, कोटटाय आणि वर हेल्मेट! फोटो शोधून बघा. त्याच्याऐवजी दोन ट्रूपर बरे दिसतात.

आणि वाडेकर, तुमच्या फिलाडेल्फियाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत? १० डिसेंबर १९८९, व्हेटरन्स स्टेडियम. स्टँडमधला बर्फ साफ केलेला नव्हता आणि समोर डॅलस काउबॉइज. सामना संपल्यावर डॅलसचे कोच जिमी जॉन्सन पोलिसांच्या कड्यातून बाहेर पडत होते आणि वरून बर्फाचे गोळे, खडे, बिअर. ते फुटेज मी कितीदा तरी बघितलंय. पोलिसाचा हात कोचच्या डोक्यावर आणि स्वतःचं डोकं खांद्यात घातलेलं. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी एकाशी २० डॉलरची पैज लावून 'मैदानापर्यंत गोळा पोचवून दाखव' म्हणणारे गृहस्थ कोण, तर एड रेंडेल. पुढे शहराचे महापौर आणि नंतर राज्याचे गव्हर्नर झाले!

फिलीकर_वाडेकर

काकू, आमची लक्तरं वेशीवर टांगायला धागा काढला नव्हता :) पण जिंकलो होतो हो, २०-१०.

आता निघालंच आहे तर सांगतो. त्याच व्हेटरन्स स्टेडियममध्ये १९९७ साली कोर्ट सुरू केलं होतं. तळघरात खराखुरा न्यायाधीश बसवून. सोमवारच्या एका सामन्यात मारामाऱ्या इतक्या झाल्या, वर कुणीतरी फ्लेअर गन उडवली, तेव्हा शहराने हा उपाय काढला. दारू पिऊन धिंगाणा घातला की सामना संपायच्या आत सुनावणी आणि दंड.

तात्या_ठाणे

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण बंदोबस्तातलं कळतं, पोलीस खात्यात जन्म गेला. वानखेडेवर ड्युटी लागायची. लोकांना वाटतं फुकट मॅच बघायला मिळते. अहो, आमची पाठ मॅचकडे आणि तोंड पब्लिककडे. सचिनचा चौकार आम्ही कधी बघितला नाही, चौकार गेल्यावर पब्लिकचं तोंड कसं होतं ते बघितलं. विकेट पडली की आवाज न होता कळायचं.

धागाकर्त्यांना एक विचारतो. हा जो डॉम आहे, तो त्या भांडणात कुणाला धरत होता? आपल्या खेळाडूला की समोरच्याला? माझ्या मते सगळा न्याय तेवढ्यावर आहे.

फिलीकर_वाडेकर

तात्या, व्हिडिओ परत बघितला. तो दोघांच्या मध्ये शिरतो आणि त्याचा हात ग्रीनलॉवर आहे. म्हणजे समोरच्यावर.

तात्या_ठाणे

मग संपलं. आपला माणूस मागे ओढायचा, समोरच्याला हात लावायचा नाही. समोरच्याला आवरायला त्याची माणसं आहेत, रेफरी आहेत. तुम्ही हात लावला की बघणाऱ्याला तुम्ही सोडवणारे दिसत नाही, भांडणारे दिसता. मोर्चात हेच, लग्नात हेच. आम्हाला साहेबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं : व्हीआयपीच्या अंगाला हात लावलात तर तो नंतर रागावेल, पब्लिकच्या अंगाला लावलात तर पेपरात येईल.

सई_ह्यूस्टन

तात्या, +१००. तुमचा तो पाठ मॅचकडे असलेला भाग वाचून हसू आलं, कारण मी हेच काम केलंय!

ग्रीन कार्ड आल्यावर माझी इथली पहिली पार्ट-टाइम नोकरी एका स्टेडियमवर 'इव्हेंट स्टाफ'ची होती. पिवळं जॅकेट. आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट : टचडाउन झाला तरी मान वळवायची नाही, कारण ज्याला कुंपण ओलांडायचंय तो नेमका त्या क्षणाची वाट बघत असतो. दुसरी गोष्ट : चेहरे नका बघू, हात बघा. चेहरे सगळ्यांचेच चिडलेले असतात.

बाहेरून सगळे 'सिक्युरिटी' एकच वाटतात, पण त्यात थर असतात. सगळ्यात बाहेर आमच्यासारखे पिवळ्या जॅकेटवाले, कंत्राटदाराची माणसं, तासावर पगार, हातात शस्त्र नाही. त्यांच्या आत शहराचे गणवेशातले पोलीस, बरेचसे जादा ड्युटीवर आलेले, त्यांच्याकडे अटकेचा अधिकार. त्यांच्याही आत संघाची स्वतःची माणसं, सूट किंवा संघाचं जॅकेट, हे बहुतेक निवृत्त पोलीस किंवा एफबीआयवाले. कोचच्या पाठीला चिकटतात ते या आतल्या दोन थरांतले. आणि वर लीगचं वेगळं सुरक्षा खातं. त्याच्या प्रमुख कॅथी लॅनियर, २०१६ पासून. त्या आधी वॉशिंग्टन डीसीच्या पोलीसप्रमुख होत्या.

खरी धावपळ शेवटच्या पाच मिनिटांची. आम्हाला वरच्या पायऱ्यांवरून खाली आणून भिंतीला लावून उभं करायचे. तेवढ्यात फोटोग्राफर, टीव्हीवाले, मालकाचे पाहुणे असे शेदीडशे लोक मैदानाच्या कडेला जमलेले असायचे आणि घड्याळ थांबलं की सगळे एकाच ठिकाणी धावणार, मधोमध. कोचच्या माणसाला त्या गर्दीतून वाट काढायची, पण कोच ढकलला जाता कामा नये, हस्तांदोलनाचं शूटिंग अडता कामा नये आणि समोरच्या संघाच्या गार्डशी टक्कर होता कामा नये. एक पुढे अर्धा पाऊल बाजूला, एक मागे. मधोमध पोचले की दोघं बाहेरच्या बाजूला वळतात. हात मिळाला की परत आत. हे सगळं मिनिटाभरात.

आणि मंद्या, प्रेक्षकांची भीती असते, पण त्या मिनिटात अंगावर येतात ते बहुतेक पास असलेलेच लोक. तिकीटवाला खूप लांब असतो.

वसुधाकाकू

सई, पासवाल्यांवरून आठवलं. फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टनच, सुपर बोल (एनएफएलची फायनल). पेट्रियट्सचा स्टार खेळाडू टॉम ब्रेडीची जर्सी लॉकर रूममधून गायब! टेक्सासचे पोलीस, एफबीआय, मेक्सिको, सगळे कामाला लागले आणि महिन्याभराने निघाली कुणाकडे, तर मेक्सिकोतल्या एका वृत्तपत्राच्या अधिकाऱ्याकडे. पत्रकाराचा पास गळ्यात घालून रीतसर आत आला होता.

त्याउलट जानेवारी २००७ मध्ये पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचिक यांनी जेट्सला हरवल्यावर स्वतःच एका फोटोग्राफरला ढकलून बाजूला केलं होतं, समोरच्या कोचला मिठी मारायला जाताना वाटेत आला म्हणून. गार्ड कुठे होता देव जाणे.

मंद्या

बरं, मान्य, गर्दी असते. पण प्रत्यक्ष कोचवर हल्ला झाल्याचं एक तरी उदाहरण द्या. बर्फाचे गोळे धरू नका.

अनु_ग्लासगो

मंद्या, देते. अमेरिकन नाही, आमच्याकडचं, गोल चेंडूवाल्या फुटबॉलचं.

११ मे २०११, एडिंबराचं टाइनकासल मैदान, हार्ट्स विरुद्ध सेल्टिक. सेल्टिकचे मॅनेजर नील लेनन टचलाइनवर उभे होते. गोल झाला आणि स्टँडमधून एक माणूस धावत येऊन त्यांच्या अंगावर झेपावला, थेट प्रक्षेपणात. मैदानावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी आणि पोलिसांनी त्याला तिथेच आडवा केला. कोर्टात हल्ल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, शांतताभंगासाठी आठ महिने शिक्षा झाली. यावर इथे लोक अजून वाद घालतात, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

ते एकटंच प्रकरण असतं तर माथेफिरू म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच वर्षी लेननना टपालातून बंदुकीच्या गोळ्या आल्या होत्या, नंतर स्फोटकांचं समजून पाठवलेलं पार्सल. त्यासाठी दोघांना २०१२ मध्ये पाच-पाच वर्षं झाली. उत्तर आयर्लंडमधला कॅथलिक माणूस आणि सेल्टिकचा मॅनेजर, हा इथला जुना धार्मिक-राजकीय वैराचा वारसा. त्या दिवसांत त्यांच्या घराला चोवीस तास पहारा होता. म्हणजे मैदानावर आलेली सुरक्षा ही घरापासून सोबत आलेली होती, कॅमेऱ्यासाठी नव्हती.

मला यात खटकलं ते वेगळंच. एवढा पहारा असूनही तो माणूस पोचला कसा? कारण पहारा येण्याजाण्याच्या वाटेवर होता. टचलाइन ही मोकळी जागा धरली जाते. मॅनेजर तिथे नव्वद मिनिटं पाठ करून उभा असतो!

सई_ह्यूस्टन

अनु, अगदी हेच बेसबॉलमध्ये झालं. १९ सप्टेंबर २००२, शिकागो. कॅन्सस सिटी रॉयल्सचे फर्स्ट बेस कोच टॉम गँबोआ बेसजवळ उभे होते, नवव्या इनिंगला. मागून एक बाप आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा कुंपण ओलांडून आले आणि त्यांना खाली पाडून मारायला लागले. रॉयल्सचे खेळाडू धावत आले म्हणून सुटका झाली. गँबोआंच्या ऐकण्यावर कायमचा परिणाम झाला. त्यांचं लक्ष पूर्ण खेळावर होतं, ते तर कामच आहे. कोच हा त्या मैदानावर सगळ्यात गाफील माणूस असतो. खेळाडूच्या अंगावर निदान पॅड आणि हेल्मेट असतं.

मंद्या

ठीक. बेसबॉलचं माहीत नव्हतं. तरी एनएफएलमध्ये असं काही नाही ना?

तात्या_ठाणे

मंद्या, काही झालं नाही म्हणून बंदोबस्त फुकट होता असं म्हणणारे अकाउंट्सवाले आमच्याकडेही होते.

गोंयकार

फातोर्ड्याची आठवण झाली. २०१५ ची आयएसएल फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन आम्ही ३-२ हरलो. खेळ संपल्यावर मैदानात जी धक्काबुक्की झाली त्यात आमच्या संघाच्या एका मालकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली आणि चेन्नईच्या एका परदेशी खेळाडूला पोलिसांनी रात्रीच ताब्यात घेतलं. पुढे जामीन मिळाला. सांगायचं म्हणजे, स्टँड शांत होता हो. रडत होता. जे झालं ते पासवाल्यांतच. सई म्हणते ते पटलं.

केदार_के

उशिरा येतोय. मला वाटतं धाग्यात एक मोठी गोष्ट निसटते आहे. कोचला इतरांपासून वाचवण्यापेक्षा इतरांना कोचपासून वाचवणं, हे या लोकांचं निम्मं काम आहे.

१६ ऑक्टोबर २०११, डेट्रॉइट. फोर्टीनाइनर्सचा कोच जिम हार्बॉ सामना २५-१९ जिंकल्यावर उड्या मारत आला, लायन्सचा कोच जिम श्वार्ट्झचा हात जोरात झटकला, पाठीवर थाप मारली आणि पुढे गेला. श्वार्ट्झ भडकला आणि त्याच्या मागे धावला. अक्षरशः धावला, बोगद्यापर्यंत. दोन्हीकडची माणसं मध्ये पडली तेव्हा थांबला. हल्लेखोरही कोच, बळीही कोच. लीगने कुणालाच दंड केला नाही.

कॉलेजमध्ये त्याहून वाईट उदाहरण. डिसेंबर १९७८, गेटर बोल. ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज, मोठं नाव. क्लेम्सनच्या एका खेळाडूने त्यांच्या संघाने फेकलेला चेंडू मध्येच झेलला आणि तो नेमका त्यांच्यासमोर बाहेर आला. हेजनी त्याला गळ्यापाशी ठोसा मारला! दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. तिथे कुणी त्यांच्या कमरेला धरलं असतं तर एवढी मोठी कारकीर्द अशी संपली नसती.

आणि कमरेला धरणारा माणूस आता खरोखर असतो. त्याला 'गेट-बॅक कोच' म्हणतात. २०१८ च्या मोसमात लॉस एंजलिस रॅम्सचा व्हिडिओ फिरला होता. त्यांचा कोच शॉन मॅकवे साइडलाइनवर येरझाऱ्या घालतोय, डोळे खेळावर, आणि मागे संघाचा स्ट्रेंथ कोच (व्यायामाचा प्रशिक्षक) त्याच्या पँटला धरून प्रत्येक पावलाला इकडून तिकडे ओढतोय. वरातीत घोडा उधळू नये म्हणून लगाम धरून चालणारा गडी असतो ना, डिट्टो. मॅकवेला त्याचं भानही नाही.

सई_ह्यूस्टन

केदार, ते ओढणं लाडाने नसतं. मैदानाच्या कडेला सहा फूट रुंद पांढरा पट्टा असतो, तो रिकामा ठेवावा लागतो. तिथून पंच धावतात. त्यात कोच उभा राहिला आणि पंच आपटला तर पंधरा यार्डांची पेनल्टी.

केदार_के

बरोबर, आणि त्या पट्ट्याचा इतिहासच मजेदार आहे. डिसेंबर २०१०, जेट्स विरुद्ध डॉल्फिन्स. जेट्सच्या स्ट्रेंथ कोचने राखीव माणसांची भिंतच उभी केली पट्ट्याला लागून आणि धावत जाणाऱ्या डॉल्फिन्सच्या खेळाडूला गुडघा लावून पाडलं. संघाने त्याला निलंबित केलं आणि लीगने संघाला १ लाख डॉलर दंड. नोव्हेंबर २०१३, थँक्सगिव्हिंगची रात्र, पिट्सबर्गचे तेव्हाचे कोच माइक टॉमलिन पट्ट्यावर उभे, समोरून रेव्हन्सचा जॅकोबी जोन्स पळत येतोय, टॉमलिन शेवटच्या क्षणी बाजूला झाले पण त्याची वाट बिघडली. दंड १ लाख. मग २०२३, तुमचा बिग डॉम. पुन्हा १ लाख. साइडलाइनवरच्या माणसाने खेळात पाय घातला की लाखाचा दर ठरलेला दिसतोय, महागाई बिहागाई काही नाही.

म्हणून मला लीगचा निर्णय पटतो. डॉमच्या जागी जेट्सचा तो स्ट्रेंथ कोच असता तर फिलीकरांनीच त्याला शिव्या घातल्या असत्या.

फिलीकर_वाडेकर

घातल्या असत्या. पण डॉमने कुणाला पाडलं नाही, दोन बाप्यांच्या मध्ये उभा राहिला. त्याच्यासमोर त्याचा खेळाडू नुकताच आपटला गेलाय, दहाबारा माणसं एकमेकांवर येतायत, आणि त्याच्या हाती दोन सेकंद. दूर उभा राहिला असता आणि कुणाला लागलं असतं तर 'सुरक्षाप्रमुख काय करत होता' हेच सगळ्यांनी विचारलं असतं. तात्यांचा नियम घरात बसून पटतो.

तात्या_ठाणे

घरात बसून नाही, फिलीकर. माझ्या डाव्या हाताचं बोट अजून सरळ होत नाही, गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याच शिपायाला मागे ओढताना गेलेलं. समोरच्याला धरलं असतं तर कदाचित वाचलं असतं. नियम महागात पडतो, म्हणून तो चुकीचा होत नाही.

मात्र तुमच्या डॉमला एका गोष्टीचा दोष नाही द्यायचा. लोकांनी त्याचे शर्ट छापले ते त्याने नाही सांगितलं. या कामात चेहरा ओळखीचा झाला की तो निम्मा बाद. पब्लिक त्याला बघायला येणार, समोरचे खेळाडू त्याला मुद्दाम डिवचणार.

अनु_ग्लासगो

तात्यांच्या या शेवटच्या वाक्यावर एक शंका. ओळखीचा चेहरा असला तर भांडण होण्याआधीच शमतंही ना? आपल्या खेळाडूंना 'डॉम आला' एवढंच कळलं तरी पुरे.

तात्या_ठाणे

आपल्या खेळाडूंसाठी हो. त्यांच्यासाठी तो घरचा मोठा भाऊ. समोरच्यांसाठी तो झेंडा.

फिलीकर_वाडेकर

अनु, तुझं म्हणणं आमच्या कोचला लागू पडतं बघ. निक सिरियानी. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लीव्हलँडला २०-१६ ने जेमतेम हरवलं आणि हा पठ्ठ्या घरच्याच प्रेक्षकांकडे वळून कानाला हात लावून त्यांना डिवचायला लागला! स्वतःच्या तिकीटवाल्यांना! मग पत्रकार परिषदेत आपली तीन पोरं घेऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. अशा माणसाच्या पाठीशी ओळखीचा, त्याला खांद्याला धरून वळवू शकेल असा कुणीतरीच हवा. अनोळखी पोलीस त्याला हात लावायला धजणार नाही. त्याच मोसमात फेब्रुवारी २०२५ ला आम्ही चीफ्सला ४०-२२ ने उडवून सुपर बोल जिंकलो, म्हणून आता सगळं माफ आहे.

मंद्या

माझं मत थोडं हललंय हे कबूल. पण कॉलेजच्या ट्रूपरवाल्या थाटाबद्दल अजिबात नाही. एनएफएलचे क्लब खाजगी, त्यांचा पैसा, त्यांनी पन्नास डॉम ठेवावेत. राज्याचा पोलीस हमरस्त्यावर असायला हवा.

सई_ह्यूस्टन

मंद्या, कॉलेजला एक अडचण आहे जी एनएफएलला जवळजवळ नाही. पब्लिक मैदानात उतरतं. व्हँडरबिल्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये अलाबामाला ४०-३५ ने हरवलं तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यावरून मिरवत नेलं आणि कंबरलँड नदीत टाकलं. त्या लोंढ्यात हरलेल्या संघाचा कोच मधोमध हात मिळवायला जातोय अशी कल्पना कर. दक्षिणेतल्या एसईसी या कॉन्फरन्सने दंड वाढवत नेला. २०२३ पासून पहिल्यांदा १ लाख, मग अडीच, मग ५ लाख डॉलर. २०२५ मध्ये सरळ पहिल्यांदाच ५ लाख. पोरं दंड भरत नाहीत, विद्यापीठ भरतं, त्यामुळे उतरायची ती उतरतातच. तिथे टोपीचा उपयोग आहे. गर्दीत ती दुरून दिसते आणि लोक बाजूला होतात.

मंद्या

म्हणजे शेवटी टोपीच कामाची. मी पहिल्या प्रतिसादात तेच लिहिलं होतं :)

वसुधाकाकू

पूर्वी तर जिंकणाऱ्या कोचला खांद्यावर घेऊनच बाहेर न्यायचे. जानेवारी १९७३, लॉस एंजलिस, मायामी डॉल्फिन्सने सुपर बोल जिंकून १७-० असा न हरलेला मोसम पूर्ण केला. असा मोसम तेव्हापासून आजवर कुणाचा झालेला नाही. त्यांचे कोच डॉन शूला खेळाडूंच्या खांद्यावर. गर्दीतून एका पोराने हात मिळवायला हात पुढे केला आणि मनगटावरचं घड्याळ काढून पळालं! शूला खांद्यावरून खाली उतरले, पोराच्या मागे धावले आणि घड्याळ परत आणलं. अख्ख्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्षण, आणि साहेब चोर पकडतायत.

तात्या_ठाणे

हा माणूस मला आवडला. पंचनामा केला का?

एक शेवटची शंका विचारतो. टीव्हीवर बघितलंय, जिंकल्यावर खेळाडू मागून येऊन कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचा पिंप ओततात. तेव्हा पाठीशी उभा असलेला गार्ड काय करतो? मागून येणारा माणूस अडवणं हेच तर त्याचं काम.

केदार_के

बाजूला होतो, तात्या. त्यालाही सूट भिजवायचा नसतो.

वसुधाकाकू

तात्या, हा प्रकार प्रसिद्ध करणाऱ्यांनी तर तुमच्या खात्यालाच हात घातला होता. न्यूयॉर्क जायंट्स, १९८६ चा मोसम. प्रत्येक विजयानंतर हॅरी कार्सन हा त्यांचा बचावफळीतला खेळाडू, कोच बिल पार्सेल्सवर गेटोरेडचा (खेळाडूंच्या पेयाचा) पिंप ओतायचा. पार्सेल्स सावध झाले, सतत मागे बघायचे. मग जानेवारी १९८७ ला रोझ बोल स्टेडियमवर सुपर बोल जिंकत असताना कार्सनने जर्सी काढली, स्टेडियमच्या सिक्युरिटीवाल्याचं पिवळं जॅकेट अंगात चढवलं आणि गार्ड बनून थेट कोचच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. पुढचं सांगायला नको.

सई_ह्यूस्टन

पिवळं जॅकेट!! आमच्यात ते हरवलं तर पगारातून कापायचे.

तात्या_ठाणे

कार्सनचं सोडा. त्याला जॅकेट काढून दिलं कुणी? ज्या माणसाने दिलं त्याची खातेनिहाय चौकशी झाली पाहिजे होती.